पीसीओएस म्हणजे वांझपण नव्हे



लग्नाला दोन-तीन वर्षे झाली. पाळी दोन-दोन महिने येत नाही. सोनोग्राफी केली आणि रिपोर्टवर ‘पीसीओएस’ असे लिहून आले. ओपीडीत गर्दी होती, डॉक्टरांना समजावून सांगायला वेळ मिळाला नाही. घरी येईपर्यंत त्या अक्षरांचा अर्थ ‘अंडाशयात गाठी’ असा झाला आणि दोन दिवसांत शेजारी तो ‘हिला लेकरू होणार नाही’ असा पोहोचला. बेसा, पिपळा, घोगली, बेलतरोडी या भागातल्या वस्त्यांमधून आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत हा प्रश्न वारंवार असतो. म्हणून या वेळचे आरोग्याचे पान आम्ही याच विषयाला दिले आहे.

सुरुवातीलाच मुख्य गोष्ट सांगतो. पीसीओएसमध्ये गर्भपिशवी खराब झालेली नसते आणि स्त्रीबीजेही संपलेली नसतात. बीज वेळेवर पिकून बाहेर पडत नाही, एवढाच मूळ अडथळा असतो. या अडथळ्यावर उपचार आहेत आणि पहिले उपचार महागडेही नाहीत. हा त्रास असलेल्या बहुतेक स्त्रियांना, कधी आपोआप तर कधी औषधाने, उशिरा का होईना मूल होते. मात्र पायऱ्या क्रमाने चढाव्या लागतात आणि त्या नवरा-बायको दोघांनी मिळून चढाव्या लागतात.

‘गाठी’ म्हणजे नेमके काय?

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी या आजाराचे वर्णन केले. पाळी न येणाऱ्या सात स्त्रियांची अंडाशये मोठी झालेली आणि आत बारीक बारीक पिशव्या असलेली त्यांना दिसली. त्यावरूनच ‘पॉलिसिस्टिक’, म्हणजे अनेक पिशव्यांचे, हे नाव पडले. आपल्याकडे कोणी पीसीओडी म्हणते, कोणी पीसीओएस. रोजच्या बोलण्यात दोन्हींचा अर्थ एकच.

या पिशव्या गाठी नाहीत, कॅन्सर तर नाहीतच. प्रत्येक पिशवीत एक स्त्रीबीज असते. एरवी दर महिन्याला अशा काही पिशव्या वाढू लागतात, त्यातली एक मोठी होते, फुटते आणि बीज बाहेर पडते. पीसीओएसमध्ये पुष्कळ पिशव्या अर्धवट वाढून तिथेच थांबतात. सोनोग्राफीत त्याच दिसतात, साधारण दोन ते नऊ मिलिमीटरच्या. त्या ऑपरेशन करून काढून टाकायच्या नसतात. कोणी ‘गाठी काढून टाकू’ म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

पिशव्या अर्धवट का थांबतात? यामागे बहुतेक वेळा इन्सुलिनचा हात असतो. जेवणातली साखर रक्तातून शरीराच्या पेशींत पोहोचवण्याचे काम इन्सुलिन करते. काही स्त्रियांच्या शरीरात ते नीट लागू पडत नाही, म्हणून शरीर ते जास्त बनवते. जास्तीचे इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावते. मग बीज पिकत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, तोंडावर पुटकुळ्या येतात, डोक्याचे केस विरळ होतात.

मानेच्या मागे, काखेत कातडी काळी आणि मखमलीसारखी जाड होणे ही याच जास्तीच्या इन्सुलिनची खूण आहे. आपल्या घरात अशा पोरीला ‘मान घासून आंघोळ कर’ म्हणून रागावतात. तो मळ नाही, घासून जाणार नाही. अशी मान आणि लांबलेली पाळी दोन्ही दिसत असतील, तर पोरीची रक्तातली साखर तपासून घ्या.

हा त्रास घराण्यात चालतो. आई, मावशी, बहीण यांना मधुमेह किंवा पाळीचा त्रास असेल तर मुलीला तो होण्याची शक्यता वाढते. यात कोणाचे पाप नाही, कोणाची नजर नाही आणि लग्नाआधीच्या कुठल्या वागण्याचाही संबंध नाही.

आपण एकट्या नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अंदाजानुसार, मूल होण्याच्या वयातील दर शंभर स्त्रियांपैकी आठ ते तेरा जणींना पीसीओएस असतो आणि त्यातल्या बहुतेकींना तो माहीतच नसतो. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने १५ ते २४ वर्षांच्या मुलींची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एका निकषाने २२.५ टक्के मुलींमध्ये पीसीओएस आढळला आणि दुसऱ्या, जास्त कडक निकषाने १०.७ टक्के मुलींमध्ये.

मुली त्याच, तरी आकडा निम्म्याहून कमी झाला. याचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. तरुण मुलींच्या अंडाशयात अशा पिशव्या तशाही जास्त असतात. म्हणून नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएसचा शिक्का मारणे चूक आहे.

निदान पक्के कसे होते?

तीनपैकी दोन गोष्टी असल्या तर डॉक्टर पीसीओएस म्हणतात. पहिली, पाळी अनियमित असणे, म्हणजे ३५ दिवसांपेक्षा लांबणे किंवा वर्षात आठपेक्षा कमी वेळा येणे. दुसरी, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणे असणे किंवा रक्ततपासणीत ते जास्त निघणे. तिसरी, सोनोग्राफीत तशी अंडाशये दिसणे. याऐवजी आता मोठ्या स्त्रियांमध्ये एएमएच नावाची रक्ततपासणीही चालते. पहिल्या दोन गोष्टी स्पष्ट असतील तर तिसरीची गरजही पडत नाही.

याच्याबरोबर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या तपासण्या व्हायलाच हव्यात, कारण त्यांच्या बिघाडानेही पाळी लांबते आणि त्यांचे औषध वेगळे असते. रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, बीपी आणि वजनही पाहावे. आपल्या वस्त्यांत रक्त कमी असलेल्या बायका पुष्कळ आहेत. मूल हवे असेल तर ते आधी भरून काढावे लागते.

पाळी आणायची गोळी आणि लेकराची गोळी वेगळी

इथे अनेकींची वर्षे वाया जातात, म्हणून हे सावकाश वाचा.

पीसीओएसमध्ये पाळी नियमित करण्यासाठी २१ किंवा २८ गोळ्यांचे जे पाकीट देतात, त्या बहुधा गर्भनिरोधक गोळ्या असतात. ज्या मुलीला आत्ता मूल नको आहे, तिच्यासाठी ते चांगले औषध आहे. त्याने पाळी वेळेवर येते, केस आणि पुटकुळ्या कमी होतात. पण त्या गोळ्या चालू असताना बीज बाहेर पडत नाही आणि दिवस राहत नाहीत. ‘पाळी तर दर महिन्याला बरोबर येते, मग लेकरू का होत नाही?’ असे विचारणाऱ्या बहिणी आम्हाला भेटतात. त्यातल्या काहींनी तेच पाकीट मेडिकल स्टोअरमधून पुन्हा पुन्हा आणून वर्षभर खाल्लेले असते.

म्हणून डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: ‘आम्हाला आता मूल हवे आहे.’ आधीची सगळी औषधे सोबत न्या. पुटकुळ्या किंवा केसांसाठी दिलेली काही औषधे गर्भाला घातक असतात. ती आधीच बंद करावी लागतात.

उलट टोकही वाईट. तीन-तीन महिने पाळी आली नाही तर ‘बरे झाले, त्रास वाचला’ म्हणून बसू नका. आतले अस्तर साचून जाड होत जाते आणि अशी बरीच वर्षे गेली तर गर्भपिशवीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. आधी घरीच लघवीची चाचणी करून दिवस राहिलेत का ते पाहा. नसतील तर डॉक्टरांकडे जा.

दिवस कसे मोजायचे?

‘पाळीपासून चौदाव्या दिवशी’ हा हिशेब २८ दिवसांच्या पाळीचा आहे. बीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटते. ज्या बहिणीची पाळी ४० दिवसांनी येते, तिचे बीज २६ व्या दिवसाच्या आसपास सुटेल. तिने चौदावा दिवस धरून बसण्यात अर्थ नाही. पाळी कधी ३५ तर कधी ६० दिवसांची असेल तर दिवस मोजून काहीच हाती लागत नाही.

बीज सुटल्यावर जेमतेम एक दिवस टिकते. पुरुषाचे शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणून एकच दिवस गाठण्याची धडपड करू नका. दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवणे पुरेसे आहे. बाजारात बीज सुटण्याचा दिवस सांगणाऱ्या पट्ट्या मिळतात. पीसीओएसमध्ये त्या फसवतात, कारण पट्टी जे हार्मोन मोजते ते या आजारात तसेही वाढलेले असू शकते.

आपल्या घरांची खरी अडचण वेगळी असते. नवरा फ्लॅटस्कीमवर रात्रपाळीचा गार्ड, बायको सकाळी सहाला धुण्याभांड्याच्या कामाला, आणि एका खोलीत सहा माणसे. दोघांना निवांत वेळच मिळत नाही. ही लाजण्याची गोष्ट नाही. घरातल्या मोठ्यांनी हे समजून घेऊन दोघांना थोडा एकांत द्यावा. नवसापेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे.

तपासणी दोघांची

वर्षभर गर्भनिरोधक न वापरता संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत, तर तपासणी करावी. बाईचे वय ३५ च्या वर असेल तर सहा महिन्यांनीच जावे. पाळी अनियमित असल्याचे आधीच माहीत असेल, तर तेवढेही थांबू नये.

पहिल्याच भेटीत नवऱ्याची वीर्यतपासणी करून घ्यावी. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचेही कारण असते. त्याची तपासणी सोपी आहे. सुई नाही, दुखणे नाही. आधी दोन ते सात दिवस संबंध ठेवायचे नाहीत आणि दिलेल्या डबीत नमुना द्यायचा. तरीही बाईच्या चार सोनोग्राफ्या, दोन वेळा रक्त आणि नळ्यांचा एक्स-रे होतो, पण गडी एकदाही दवाखान्याची पायरी चढत नाही. बंधूंनो, हे बरोबर नाही. आपला रिपोर्ट न पाहता बायकोला महिनोन्महिने औषधे खाऊ घालणे म्हणजे तिचे शरीर आणि घरचा पैसा दोन्ही वाया घालवणे आहे.

खर्रा, बिडी-सिगारेट आणि दारू यांचा शुक्राणूंवर वाईट परिणाम होतो. खर्ऱ्यात तंबाखूच असते, ती चघळली म्हणून निरुपद्रवी होत नाही. नवा शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. आज खर्रा सोडला तर फरक दिसायला तीन महिने जातील. म्हणून आजच सोडा.

पहिली पायरी: ताट, चाल आणि झोप

वजन जास्त असेल तर ते थोडेसे कमी केल्यानेही पुष्कळ जणींची पाळी सुधारते आणि बीज सुटू लागते. शरीराच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के एवढे लक्ष्य ठेवा. सत्तर किलोच्या बाईने साडेतीन ते सात किलो कमी करणे, एवढाच त्याचा अर्थ. उपास करू नका. त्याने अंगातले रक्त आणखी कमी होते.

आपल्या ताटात काय बदलता येईल ते पाहू. भाताचा ढीग अर्धा करा आणि त्या जागी वरण, मोड आलेली मटकी, चणे, अंडी किंवा मासळी वाढवा. ज्वारीची भाकर, अंबाडी, मेथी, पालक, जवसाची चटणी हे आपलेच खाणे आहे आणि ते या आजारात चांगले आहे. दिवसातून पाच-सहा चहा होत असतील तर दोनवर या आणि साखर अर्धी करा. नाक्यावरचा समोसा, आलूबोंडा, बाटलीतले गोड पेय आणि बेकरीचे टोस्ट रोजचे असतील तर आठवड्यातून एकदाच ठेवा. यासाठी कुठली महागडी पावडर किंवा डब्बा विकत घ्यायची गरज नाही.

आठवड्यात निदान दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, दम लागेल असे भरभर चाला. ‘दिवसभर चार घरची कामे करते, आणखी काय चालू?’ हा प्रश्न आम्हाला मान्य आहे. त्या कामात मेहनत आहे, पण ते बहुतेक एका जागी वाकून किंवा उभे राहून होते. कामावरून येताना शेवटचा ऑटो सोडून चालत या. दोघी-तिघी मिळून चाला, म्हणजे सुरक्षितही वाटेल. रात्री सात तास झोप मिळेल असे पाहा.

एक सावधगिरी. बारीक बायकांनाही पीसीओएस असतो. त्यांना वजन कमी करायला सांगणे चूक आहे. आणि जाड असलेल्या बहिणीला ‘आधी बारीक हो, मगच ये’ म्हणून कोणी उपचाराविना परत पाठवत असेल, तर तेही चूक. वयही पुढे सरकत असते, हे लक्षात घेऊन दोन्ही गोष्टी सोबत चालवता येतात.

मूल हवे असे ठरले की त्या दिवसापासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करावी. बाळाचा मेंदू आणि मणका पहिल्या काही आठवड्यांतच घडतो, बहुधा आईला दिवस गेल्याचे कळण्याआधीच. आशाताईंना किंवा नर्सताईंना या गोळीबद्दल विचारा.

दुसरी पायरी: बीज पिकवणारी गोळी

तपासण्या झाल्या, नवऱ्याचा रिपोर्ट ठीक आहे आणि तरी बीज सुटत नाही, तेव्हा डॉक्टर गोळ्या देतात. आज यात पहिली पसंती लेट्रोझोलला आहे. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत फक्त पाच दिवस ती घ्यायची असते. मग सोनोग्राफी करून बीज किती वाढले ते पाहतात.

या गोळीबद्दल दोन भीती आहेत. पहिली, पाकिटातल्या कागदावर ती स्तनाच्या कॅन्सरची असल्याचे लिहिलेले असते. ते वाचून काही जणी गोळी फेकून देतात. ती मुळात त्या आजारासाठी निघाली हे खरे. पण ती शरीरातले इस्ट्रोजेन काही दिवस कमी करते, त्यामुळे मेंदू अंडाशयाला ‘बीज पिकव’ असा जोराचा इशारा देतो. तोच उपयोग इथे केला जातो. दुसरी, ‘ही गोळी बंद झाली आहे.’ सरकारने २०११ मध्ये वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर बंदी घातली होती. ती बंदी २०१७ मध्ये उठली.

अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवर मोठी तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. जास्तीत जास्त पाच पाळीचक्रे औषध दिल्यावर लेट्रोझोल घेणाऱ्या शंभरातल्या २७-२८ जणींना मूल झाले, तर क्लोमिफेन ही जुनी गोळी घेणाऱ्या शंभरातल्या १९ जणींना. यातून दोन गोष्टी कळतात. गोळीने काम होते. आणि पहिल्याच महिन्यात होईल असे नाही, सर्वांनाच होईल असेही नाही. दोन महिन्यांनी ‘या डॉक्टरचा गुण येत नाही’ म्हणून दवाखाना बदलला की सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पाच-सहा चक्रे धीर धरा.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळीही पुष्कळदा देतात. ती इन्सुलिनचे काम सुधारते. सुरुवातीला मळमळ, जुलाब होऊ शकतात. म्हणून ती जेवणासोबत घ्यावी आणि मात्रा हळूहळू वाढवतात. ती मिळाली म्हणजे आपल्याला मधुमेह झाला असे नाही.

यातली कोणतीही गोळी शेजारणीच्या चिठ्ठीवरून घेऊ नका. तपासणीविना बीज पिकवणारी औषधे घेतली तर एकाच वेळी अनेक बीजे पिकून जुळी-तिळी राहण्याचा धोका असतो.

तिसरी पायरी, आणि कर्ज काढण्याआधी

गोळ्यांनी झाले नाही तर नळ्या उघड्या आहेत का ते पाहतात. आपल्याकडे पोटातल्या टीबीमुळेही नळ्या बंद होतात. घरात कोणाला टीबी झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यानंतर हार्मोनची इंजेक्शने किंवा दुर्बिणीचे छोटे ऑपरेशन यांचा विचार होतो. टेस्ट ट्यूब बेबी, म्हणजे आयव्हीएफ, बहुतेकींसाठी शेवटची पायरी असते. नळ्या पूर्ण बंद असतील किंवा नवऱ्याचे शुक्राणू फारच कमी असतील तरच ती लवकर येते.

पहिल्याच भेटीत नवऱ्याची तपासणी न करता, गोळ्या न देता कोणी थेट आयव्हीएफचे पॅकेज सांगितले, तर थांबा. बचत गटाचे कर्ज, मंगळसूत्र किंवा प्लॉट यांना हात लावण्याआधी सरकारी दवाखान्यात दुसरे मत घ्या. २०२१ च्या सहाय्यक जननतंत्रज्ञान कायद्याप्रमाणे अशा प्रत्येक केंद्राची नोंदणी असावी लागते. नोंदणीचे प्रमाणपत्र मागण्याचा आपल्याला हक्क आहे. ‘हमखास मूल’ अशी हमी जगातला कोणताही प्रामाणिक डॉक्टर देत नाही. पीसीओएसमध्ये इंजेक्शनांनी अंडाशये एकदम सुजून पोटात पाणी होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. पोट फुगले, दम लागला, लघवी कमी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सिकलसेलची तपासणी विसरू नका

विदर्भात आणि आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. नागपूरच्या संपत रामटेके यांनी या रुग्णांसाठी आयुष्य वेचले. पीसीओएसचा उपचार सुरू करतानाच नवरा-बायको दोघांचे सिकलसेलसाठी रक्त तपासून घ्या. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे आधी कळले तर तिसऱ्या महिन्याच्या सुमारास बाळाची तपासणी करून घेता येते. सिकलसेलचा आजार असलेल्या बहिणीने दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटावे, कारण काही औषधे बदलावी लागतात.

बेशाहून कुठे जायचे?

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरातून करा. तिथे हिमोग्लोबिन, साखर, बीपी पाहतील आणि पुढे पाठवतील. पुढे मेडिकल, मिहानमधील एम्स, मेयो आणि गांधीबागेतील डागा स्त्री रुग्णालय आहे. बेसा-घोगलीकडून एम्स आणि मेडिकल जवळ पडतात. सकाळी लवकर निघा, स्त्रीरोग विभागाची ओपीडी चिठ्ठी काढा आणि नवऱ्याला सोबत न्या. कामावरची एक दिवसाची रजा दोघांनी मिळून घेतली तर चार फेऱ्या वाचतात.

सोबत हे न्या: मागच्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा कॅलेंडरवर खूण करून, जुने सगळे रिपोर्ट, औषधांची पाकिटे आणि आधार कार्ड.

घरच्यांसाठी

‘काही हाये का वं?’ हा प्रश्न विचारणारीला साधा वाटतो. जिला तो दर महिन्याला ऐकावा लागतो, तिला तो टोचतो. बारशाला बोलवायचे नाही, ओटी भरताना मागे सारायचे, सुनेसमोर मुलाच्या दुसऱ्या लग्नाची गोष्ट काढायची, हे प्रकार आपल्या घरांतही होतात. सासूबाई, जाऊबाई, नणंदबाई, आपल्यालाच हे थांबवता येईल. मूल होत नाही म्हणून बाईला टोमणे मारणे, तिचा अपमान करणे ही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात छळ म्हणूनच नमूद आहे. त्रास असह्य झाला तर १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलता येते.

दुसरी गोष्ट बुवा-बाबांची. धम्म घेतला तरी पाळणा हलत नाही म्हटल्यावर काही घरे अंगारा, ताईत, पुडीकडे वळतात. पुडीत काय मिसळले आहे हे कोणालाच ठाऊक नसते आणि उपचाराची वर्षे निघून जातात. त्याहून मोठा धोका बाईच्या अब्रूला असतो. दैवी शक्तीने मूल देतो असे सांगून बाईशी शरीरसंबंध ठेवणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. असे कोणी भेटले तर गप्प राहू नका, पोलिसांत जा.

पीसीओएसमध्ये उदासी, चिडचिड, झोप उडणे हेही जास्त दिसते. मन फार खचत असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.

सगळे उपचार करूनही मूल झाले नाही, तरी ते घर अपुरे नसते. दत्तक हा कायदेशीर मार्ग आहे. लग्नाला दोन वर्षे झालेल्या जोडप्याला केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नोंदणी करता येते. कोणाकडून परस्पर, पैसे देऊन मूल घेऊ नका. तो गुन्हा आहे.

दिवस राहिल्यावर

आनंदाची बातमी कळली की पहिल्याच भेटीत सांगा, ‘मला पीसीओएस होता.’ अशा गरोदरपणात साखर आणि बीपी वाढण्याची शक्यता जास्त असते, म्हणून साखरेची तपासणी सुरुवातीलाच आणि पुन्हा सहाव्या महिन्याच्या सुमारास करावी लागते. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका किंवा चालू ठेवू नका, विचारून ठरवा. बाळंतपणानंतरही दर एक-दोन वर्षांनी साखर तपासत राहा, कारण पुढे मधुमेह होण्याचा धोका राहतोच.

हा लेख घरातल्या गड्यालाही वाचायला द्या. शेजारची एखादी सून पाळी लांबते म्हणून गप्प बसलेली असेल, तर तिलाही वाचून दाखवा. आमच्या या पानावर फक्त माहिती असते. तपासणी आणि औषध डॉक्टरांकडूनच घ्या.